मानेचा होकार

पावसाळ्यातली सकाळ. गोव्यातल्या एका इस्पितळाचा बायकांचा सर्जरी वॉर्ड. दारात ओल्या छत्र्यांचा ढीग, फिनेलच्या वासात कुणाच्या तरी डब्यातल्या पेजेचा वास मिसळलेला. सत्तरीकडची एक आजी खाटेवर पाय सोडून बसली होती. डाव्या पायाच्या शिरा दोरखंडासारख्या फुगलेल्या, घोट्याच्या वर काळपट डाग, त्यात दोन वर्षं न भरलेली जखम. त्या शिरांचं ऑपरेशन होतं. एक तरुण नर्स लगबगीनं आली, फाइलवरचं नाव मोठ्यानं वाचलं आणि म्हणाली, "तुमीच मूं?" आजीनं मान हलवली. "व्हय." नर्स मनगटाला नावाची पट्टी बांधायला लागली. तेवढ्यात वयानं मोठी असलेली दुसरी नर्स पलीकडून आली आणि पट्टीकडं न बघताच तिनं विचारलं, "आजी, तुमचें नांव कितें?" आजीनं सांगितलेलं नाव फाइलवर नव्हतं. ती फाइल पलीकडच्या खाटेची. आडनाव तेच, वयात दोन वर्षांचा फरक, आणि ऑपरेशन पित्ताशयाचं.

झालं काहीच नाही. पट्टी कापली गेली, दुसरी आली, पाच मिनिटांत वॉर्ड ती गोष्ट विसरलाही. सुनेनं तेवढं हळू आवाजात विचारलं, "मांय, दुसऱ्याचें नांव घेतलें आनी तुमी व्हय म्हळें?" आजीनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "ती विचारताली, म्हूण म्हळें."

विचारत होती, म्हणून म्हटलं. हे उत्तर डोक्यातून जाता जात नाही.

आजीला कमी ऐकू येत असेल, भीतीही वाटत असेल, पण त्या 'व्हय'मध्ये त्याहून जुनं काहीतरी होतं. दोतोरासमोर नाही म्हणायचं नसतं, ही शिकवण आपल्याकडं फार मुरलेली आहे. पणजीत १८४२ साली पोर्तुगीज अमदानीत वैद्यकीय शाळा निघाली, तीच पुढं गोवा मेडिकल कॉलेज झाली आणि बांबोळीच्या पठारावर गेली. त्या शाळेतून बाहेर पडलेले डॉक्टर पिढ्यान् पिढ्या गावोगावी बसले. त्यांच्या व्हरांड्यात बाकावर ओळीनं बसलेल्या माणसांनी कधी उलट प्रश्न केला नाही. 'दोतोरान सांगलां' म्हटलं की घरातला वाद मिटायचा. तो मान चुकीचा होता असं नाही. पण आजच्या इस्पितळात एका रोग्याभोवती एक दोतोर नसतो. सर्जन, भूलतज्ज्ञ, तीन पाळ्यांतल्या नर्स, ट्रॉली ढकलणारा वॉर्डबॉय, रक्तपेढीतला तंत्रज्ञ, एक्स-रेवाला, अशी वीस-पंचवीस माणसं दोन दिवसांत त्या खाटेपाशी येऊन जातात. त्यांतल्या बहुतेकांनी रोग्याचा चेहरा पूर्वी पाहिलेला नसतो. फाइल, पट्टी आणि रोग्याचं तोंड, एवढ्यावरच त्यांचा कारभार चालतो. आणि रोग्यानं तोंड उघडायच्या ऐवजी मान हलवली की तिघांतला एक साक्षीदार गळतो.

त्यात गोव्यात नाव हा प्रकार मुळीच सरळ नाही. लग्नात नवरीचं नाव बदलायची रीत पुष्कळ घरांत होती. त्यामुळे साठीपुढच्या कित्येक बायकांना माहेरचं एक नाव, सासरचं एक, आणि हाक मारायला 'बायो' किंवा 'माई' असं तिसरं. जन्मनोंदणीत एक, आधारवर दुसरं. आडनावांची पोर्तुगीज वळणाची स्पेलिंगं निराळीच. घरी कामत असलेला माणूस जुन्या दस्तऐवजात कामोतीं होऊन बसलेला. वॉर्डात एकाच वेळी दोन नाईक, दोन गावस आणि तीन फर्नांडिस असणं रोजचंच. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्यविमा योजनेचं कार्ड २०१६ पासून घरोघर आलं, तेव्हा नाव जुळत नाही म्हणून खिडकीशी घासाघीस करायची सवय लोकांना लागली, पण ती पैशांपुरती. खरं तर भरती व्हायच्या आधी आधार, योजनेचं कार्ड, रक्तगटाचा रिपोर्ट आणि सोनोग्राफी किंवा एक्स-रेची फिल्म हे चारही कागद शेजारी शेजारी ठेवून नाव, वय आणि आडनावाचं स्पेलिंग ताडून पाहावं. फरक दिसला तर नोंदणीच्या खिडकीवर पहिल्याच दिवशी सांगावं. ऑपरेशनच्या सकाळी ते निस्तरायला कुणाला वेळ नसतो. आणि खाटेचा नंबर ही ओळख कधीच धरू नये. खाटा बदलतात. रात्री पंखा चालत नाही म्हणून दोघी आपापसात जागा बदलतात आणि सकाळी इंजेक्शन नंबरावर येतं. नाव आणि त्याला जोडून जन्मतारीख किंवा इस्पितळाचा नोंदणी क्रमांक, अशा दोन खुणा जुळल्या तरच पुढं जायचं, असा नियम आहे.

त्या थोरल्या नर्सनं केलं ते एवढंच, की उत्तर आपल्या प्रश्नात घातलं नाही. 'तुम्ही अमुकच ना?' याला होय म्हणता येतं. 'तुमचं नाव काय?' याला होय म्हणता येत नाही. ही युक्ती रोग्यालाही वापरता येते. कुणी नाव वाचून दाखवलं तरी मान न हलवता स्वतः पूर्ण नाव सांगावं, कशासाठी आलोय ते सांगावं, कोणती बाजू ते सांगावं. भरती होण्यापासून भूल देईपर्यंत हा प्रश्न चार-पाच वेळा येतो आणि माणसं वैतागतात: यांना माझं नाव लक्षात राहत नाही का? राहतंही कदाचित. तरी विचारायचं असतं.

हे विचारणं कुणाच्या मर्जीवर राहू नये म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये शस्त्रक्रियेची तपासणी यादी काढली. त्या कामाच्या आघाडीवर होते अमेरिकेतले सर्जन अतुल गावंडे. त्यांच्या वडिलांचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं उटी, म्हणजे नाव आपल्या कानाला परकं नाही. यादी एका पानाची, १९ मुद्द्यांची. तीन ठिकाणी थांबायचं: भूल देण्याआधी, चाकू लावण्याआधी आणि रोगी थिएटरातून बाहेर जाण्याआधी. पहिल्याच मुद्द्यात अपेक्षा अशी आहे की आपण कोण, कुठल्या भागाचं, कोणतं ऑपरेशन आणि त्याला आपली संमती आहे की नाही, याची खात्री रोग्यानं स्वतः दिली पाहिजे. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांत ती वापरून पाहिली, त्याचे आकडे २००९ साली छापून आले. मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले, गुंतागुंती ११ वरून ७ टक्क्यांवर. यंत्र एकही घ्यावं लागलं नव्हतं. पुढं कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात ही यादी इस्पितळांना लागू झाली आणि तिथल्या १०१ इस्पितळांचे आधीचे नि नंतरचे आकडे २०१४ मध्ये ताडून पाहिले, तर मोजण्यासारखा फरक दिसलाच नाही. यावर तज्ज्ञांचा वाद पुष्कळ झाला. कागदावर खुणा झाल्या, पण थांबून एकमेकांना विचारणं झालं का, ही शंका त्यात पुन्हा पुन्हा आली. मला त्यात आजीच दिसते. घाईत असलेलं इस्पितळही विचारलं म्हणून व्हय म्हणू शकतं.

डाव्या-उजव्याचं तर विचारूच नका. रोग्यासमोर उभं राहिलं की त्याचा डावा तो आपल्या उजव्या हाताला. त्याला पालथा घातला की पुन्हा उलटं. एक्स-रे उलटा लावला की गेलंच. म्हणून जिथं अवयव दोन आहेत, म्हणजे डोळा, कान, मूत्रपिंड, हर्निया, गुडघा, तिथं चाकू लागण्याच्या बाजूला, चाकू लागायच्या जागेपाशी, न पुसणाऱ्या मार्करनं खूण करतात. ती खूण रोगी पुरता जागा असताना, गुंगीचं इंजेक्शन द्यायच्या आधी आणि ऑपरेशन करणाऱ्यानं किंवा थिएटरात हजर असणाऱ्या डॉक्टरनं करायची. फुली मारू नये, बाण काढावा. फुलीचा अर्थ 'इथं' असाही होतो आणि 'इथं नको' असाही. पायाच्या शिरांसाठी तर रोग्याला उभं करतात, कारण आडवं झालं की शिरांतलं रक्त उतरतं आणि दोरखंड गायब होतो. आजीला खाटेच्या दांड्याला धरून चांगली दहा मिनिटं उभं केलं, शिरा भरू दिल्या, आणि एक तरुण डॉक्टर जमिनीवर उकिडवा बसून जांभळ्या मार्करनं तिच्या पायावर नदीचा नकाशा काढत गेला. वळण आलं की बोटानं दाबून पाहायचा, मग रेघ. आजी वरून बघत होती. मध्येच म्हणाली, "दावो पांय. उजवो न्हय." त्यानं मान वर केली आणि हसला. दिवसातलं हे तिचं पहिलं न विचारता बोललेलं वाक्य. खूण आदल्या दिवशी केली असेल आणि रात्री अंघोळीत ती फिकी झाली तर साबणानं उरलेली काढू नये. नर्सला दाखवावी.

आता पेजेविषयी. पेज हा गोव्यातल्या भूलतज्ज्ञांचा छळ आहे. "जेवलात?" असं विचारलं की गोंयकार प्रामाणिकपणे "ना" म्हणतो, कारण जेवण म्हणजे शीत-कडी, भात आणि कालवण. दहाला घेतली ती पेज, सोबत खारं किंवा कालची कडी, ते जेवणात धरत नाहीत. पहाटे पाव विकणाऱ्या पदेराच्या भोंप्यावर घेतलेला पाव आणि चहा हे तर खाण्यातही नाही. आणि भूल दिल्यावर होतं काय, तर अन्ननलिका आणि जठर यांच्यामधलं दार सैल पडतं, खोकल्याची जाग जाते, जठरातलं आंबट पाणी वर येऊन थेट फुप्फुसात उतरू शकतं. पोटात काही असेल तर तेही सोबत. म्हणून हलकं खाणं आणि दूध यांना कमीत कमी ६ तास, तळलेलं, मटण, तुपातलं असेल तर ८ तास. नितळ पाणी, बिनदुधाचा कोरा चहा असले पदार्थ २ तास आधीपर्यंत चालतात, आणि प्यावेतही. रात्री बारापासून घसा कोरडा करून बसल्यानं म्हाताऱ्या माणसांचा रक्तदाब भूल देताना आणखी कोसळतो. पेज नितळ नाही. वरचं पाणी गाळून घेतलं तरी त्यात कणीचा पिठूळपणा असतो, म्हणून पेजेला ६ तास. सोलकढीत नारळाचं दूध असतं, तिलाही तेच. तान्ह्या बाळाला आईचं दूध ४ तास. आणि सुनेनं 'पोट रिकामं कसं ठेवायचं' म्हणून लपवून दोन घोट दिले असतील तर ते सांगावं. ऑपरेशन काही तास पुढं जाईल. डॉक्टर करवादेल, करवादू द्यावा.

तसंच फेणीचं. "दारू घेता?" याला "छे" असं उत्तर येतं, कारण फेणी ही दारू नव्हे, पोटासाठी औषध आहे, हुर्राक, फेणीच्या आधीची काजूची पहिली धार, ती तर मौसमातला रस. जो माणूस रोज रात्री दोन-तीन पेले घेतो त्याची ती सवय ऑपरेशनच्या दिवशी अचानक तुटते. पहिल्या दिवसात हात थरथरतात, घाम येतो, झोप जाते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो भलतंसलतं बोलायला लागतो, सलाइनची सुई ओढतो, नळी उपटतो, खाटेवरून उतरून पळू पाहतो. घरचे कुजबुजतात, गावचा राखणदार देवचार आडवा गेला. आकडा आधी कळला असता तर डॉक्टरांनी गोळ्या आणि थायमिन पहिल्या दिवसापासून सुरू केलं असतं. म्हणून किती, कधीपासून आणि शेवटची कधी, हे तीन आकडे बायकोसमोर सांगायला लाज वाटत असेल तर भूलतज्ज्ञाला एकट्यात गाठून सांगावेत. मिशेरी, तंबाखू, गुटखाही त्यातच सांगावा. सिगारेट बंद करायची तर आदल्या रात्री नव्हे, जमलं तर चार आठवडे आधी.

गोळ्यांची यादी तोंडी कुणालाच नीट सांगता येत नाही. 'पांढरी बारकी, सकाळची' या वर्णनात निम्मी औषधपेढी येते. पिशवीत सगळ्या पट्ट्याच घेऊन जाव्यात, अर्ध्या संपलेल्याही, वैद्यांचा काढा आणि डोळ्यांत घालायचे थेंबसुद्धा. यातलं काय थांबवायचं आणि काय अजिबात थांबवायचं नाही, यात फरक फार बारीक आहे आणि शेजाऱ्याच्या अनुभवावर तो ठरत नाही. रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन बहुधा पाच दिवस आधी बंद करून रक्ताची तपासणी करतात, क्लोपिडोग्रेललाही साधारण तेवढाच काळ लागतो. पण हृदयात स्टेंट बसवून वर्ष झालं नसेल तर हृदयाच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय कुणीही गोळी थांबवू नये. स्टेंटमध्ये गुठळी होणं हे रक्तस्रावाहून वाईट. रक्तदाबाची अम्लोडिपिन किंवा मेटोप्रोलोल घोटभर पाण्याबरोबर त्या सकाळीही घ्यायला सांगतात, टेल्मिसार्टन पुष्कळदा त्या दिवशी टाळतात. मधुमेहाची डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही मंडळी तीन दिवस आधी थांबवावी लागतात, नाहीतर साखर ठीक दिसत असूनही रक्तात आम्ल साठतं आणि कुणाला पटकन कळत नाही. स्टेरॉइड बरेच महिने चालू असेल तर ते एकदम बंद करणं धोक्याचं. आणि पेनिसिलिननं कधी अंगावर पित्त उठलं असेल, जीभ सुजली असेल तर ते न विचारता सांगावं, कारण चाकू लागायच्या आधीच्या तासाभरात जंतुसंसर्ग टाळायचं इंजेक्शन जातं, आणि ते पुष्कळदा पेनिसिलिनच्या चुलत घराण्यातलं असतं.

एक सांगायलाच हवं, कारण ते घरात, मोरीत, दार लावून होतं. ऑपरेशनच्या आदल्या रात्री लाजेकाजेस्तव स्वतःच ब्लेड फिरवणं. ब्लेडनं कातडीवर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे उठतात आणि सकाळपर्यंत त्यांत जंतूंची वसाहत होते. केस काढायची गरज नसेल तर काढू नयेत; असलीच तर थिएटरात जायच्या सुमारास क्लिपरनं काढतात. घरी फक्त साबणानं अंघोळ, धुतलेले कपडे, आणि त्या दिवशी अंगाला खोबरेल तेल नाही. हृदयाच्या नोंदीचे स्टिकर आणि वीजचाकूचा पॅड तेलकट अंगावर चिकटत नाहीत. नखांचं पॉलिश काढावं, बोटावरच्या चिमट्याला त्यातून रक्ताचा रंग दिसत नाही. अंगठी निघत नसेल तर आठवडाभर आधी साबण लावून, बोटाला दोरा गुंडाळून हळूहळू काढावी. सलाइननं बोट सुजलं की ती कापावी लागते. हिरव्या चुड्यावरून आणि मंगळसूत्रावरून दरवाजात रडारड होते, तीही घरीच आटपावी. फारच अवघड असेल तर चिकटपट्टीखाली झाकून घेता येतं का ते विचारावं. कवळी मात्र काढायचीच, आणि रुमालात नव्हे, नाव लिहिलेल्या झाकणाच्या डबीत पाणी घालून ठेवायची. रुमालात गुंडाळलेली कवळी बोळा समजून कचऱ्यात जाते. हलणारा दात असेल तर भूलतज्ज्ञाला आधी दाखवावा.

आणि सही.

संमतिपत्राचा छापील कागद पुष्कळदा इंग्रजीत असतो. आजी कोकणी बोलते, श्रावणात पोथी मराठीतून वाचते, आणि तिला त्या कागदावर पेन्सिलीची फुली करून दिली जाते: इथं. ती मान हलवते. पण सही अंगठ्याची असो की वळणदार, तिच्या आधी काही गोष्टी ऐकायला मिळणं हा तिचा हक्क आहे: ऑपरेशन कोणतं, कोण करणार, न केल्यास काय, दुसरा इलाज आहे का, आणि नेहमी होणारी गुंतागुंत कोणती. सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली एका निकालात स्पष्ट म्हटलं आहे की एका ऑपरेशनला दिलेली संमती दुसऱ्याला चालत नाही, जिवावर बेतलं असेल तेव्हाचा अपवाद सोडून. रोगी शुद्धीवर येईपर्यंत थांबणं शक्य असेल तर थांबावं. तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईचं गर्भाशय काढलं होतं, तेही तिच्या आईच्या संमतीवर, त्या खटल्यातला हा निकाल. नातेवाइकांची सही आपल्याकडं फार पवित्र मानतात. सज्ञान, शुद्धीवर असलेल्या माणसाच्या जागी ती चालत नाही. कागद समजला का, हे पाहायची सोपी रीत म्हणजे डॉक्टरनं सांगितलेलं त्याला आपल्या भाषेत परत सांगून दाखवणं. "म्हणजे तुम्ही मांडीच्या वरून चिरा देऊन शीर बांधणार, हो ना?" इथवर आलं की समजलं.

आत गेल्यावर रोग्याच्या हातात फारसं उरत नाही. कमरेतून भूल दिली असेल तर तो जागा असतो आणि कानावर यंत्राची टिकटिक पडत राहते. तिचा सूर रक्तातल्या प्राणवायूबरोबर खाली येतो, म्हणून भूलतज्ज्ञ पडद्याकडं न बघताही मान वळवतो. कातडीला लावलेलं स्पिरिटवालं औषध पुरतं वाळायची वाट पाहतात, कारण ओल्या स्पिरिटवर वीजचाकूची ठिणगी पडली तर आग लागते. पण सगळ्यात पाहण्यासारखं असतं ते मॉप मोजणं. मॉप म्हणजे रक्त टिपायचे जाडसर कपड्याचे चौकोन, पाचाच्या जुड्यांत बांधलेले. प्रत्येकाच्या कडेला निळा धागा, बेरियमचा, एक्स-रेत दिसणारा. सुरू व्हायच्या आधी हात धुतलेली नर्स एकेक उलगडते आणि बाहेरची धावपळ करणारी दुसरी नर्स तिच्याबरोबर मोठ्यानं मोजते, फळ्यावर आकडा लिहिते. पोट शिवायच्या आधी पुन्हा, कातडी शिवायच्या वेळी पुन्हा. वापरलेले मॉप बादलीत ढिगानं टाकत नाहीत, पाच-पाच करून मांडतात. एक कमी भरला तर सर्जननं कितीही चिडचिड केली तरी हात थांबतात. कचरा उलथला जातो, जमीन पाहिली जाते, आणि तरी सापडला नाही तर टाका घालायच्या आधी एक्स-रे. रक्तानं थबथबलेला मॉप पोटात आतड्यासारखाच दिसतो, हे एकदा पाहिलं की मोजण्याचा आग्रह पटतो.

ऑपरेशन झालं म्हणजे पार पडलं, असं घरच्यांना वाटतं आणि सगळा वाडा फळं घेऊन भेटायला येतो. खाटेवर बसणं, जखमेवरची पट्टी 'जरा पाहू' म्हणून उचलणं, हे सगळं प्रेमानं चालतं. येणाऱ्यानं दारातल्या बाटलीतलं औषध तळहातावर घेऊन वीस-तीस सेकंद दोन्ही हात चोळले तर फळांपेक्षा ते जास्त कामाचं. पट्टीला हात लावायला आलेल्याला, मग तो कुणीही असो, "हात धुतले ना?" असं विचारता यावं. विचारणं कठीण वाटतं खरं. रक्त चढवायचं असेल तर पिशवी आल्यावर दोघांनी मिळून नाव, क्रमांक, रक्तगट, तारीख वाचायची असते, आणि तिथंही रोग्यानं नाव स्वतः सांगायचं. पहिल्या पंधरा मिनिटांत थंडी वाजली, कंबर दुखली, अंगाला खाज आली, छातीत दडपलं तर बटण दाबायचं, 'थोडं होतंच' म्हणत सोसायचं नाही. एक पिशवी चार तासांत संपली पाहिजे, उरली तर फेकायची.

रात्री दोन-अडीच वाजता, सोबतीचा माणूस खाली चटईवर झोपलेला असताना, रोग्याला लघवीला जावंसं वाटतं. कुणाला उठवायचं म्हणून तो एकटाच उठतो आणि पडतो. पहिल्यांदा उठताना नर्स असलीच पाहिजे. आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडून दोन-तीन मिनिटं बसायचं, भोवळ नाही ना ते पाहायचं, मग उभं राहायचं. पण उठायचं लवकर. पडून राहिलं की पोटरीत रक्ताच्या गुठळ्या होतात. खाटेवरही तासातासाला पावलं वरखाली करावीत, आणि फुप्फुसांसाठी श्वास ओढून तीन चेंडू वर उचलायचं ते प्लास्टिकचं यंत्र दहा वेळा ओढावं. घरी जाताना डिस्चार्जच्या कागदावरच्या औषधांपुढं कधीपर्यंत, हे लिहून घ्यावं. १००.४ च्या वर ताप, जखमेतून पू किंवा वास, एकाच पोटरीला सूज, अचानक दम लागणं, सहा-आठ तास लघवी न होणं, यांतलं काही झालं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता परत जायचं. जखमेतला जंतुसंसर्ग तीस दिवसांपर्यंत डोकं वर काढू शकतो, सांध्यात किंवा पोटात काही बसवलं असेल तर नव्वद.

आजीला साडेअकराला ट्रॉलीवर घेतलं. थिएटरच्या दारात हिरव्या कपड्यातली एक मुलगी वाकली, तोंडावर मास्क, फक्त डोळे दिसत होते. "आजी, नांव सांगात." ट्रॉलीमागून चाललेल्या सुनेचं तोंड उघडलं होतं, पण आजीनं हात वर करून तिला थांबवलं. मग तिनं सासरचं नाव सांगितलं, त्यापुढं माहेरचं, मग नवऱ्याचं नाव, जे इतर वेळी ती घेत नसावी, कारण तिथं ती जराशी अडखळली. गाव सांगितलं, वाडा सांगितला. "दावो पांय," म्हणाली आणि हिरव्या कपड्याची कड वर ओढून जांभळी रेघ दाखवली. मुलगी फाइलवर लिहायला लागली. आजीला अजून काही राहिलंय असं वाटलं असावं. तिनं ओठ आत वळवून बोळकं दाखवलं.

"दांत सुनेकडेन दिल्यात," ती म्हणाली. "डब्येंत."